भालू मढवींचा खुर्दा

भालूकाका मढवींच्या घरी गेलं की पाण्याच्या आधी साबण मिळतो. दार उघडल्यावर काका आपल्या तोंडाकडे बघतच नाहीत, हातांकडे बघतात. "धुतलेस का गो?" हा पहिला प्रश्न. धुतले म्हटलं तरी त्यांचं बोट बेसिनकडे. मग एक स्वच्छ पंचा पुढे येतो. त्यात हात कोरडे करायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. मग ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे दोन्ही हात वर धरून सोफ्यावर बसायचं. एवढं सगळं यथासांग झालं की काका कपाटातून एक जाडजूड अल्बम काढतात, आपल्यासमोर उघडतात आणि म्हणतात, "आता लांबूनच बघ."

अल्बममध्ये असतो खुर्दा. इंग्रजांच्या अमदानीतली चिल्लर. पै, ढब्बू पैसा, भोकाचा पैसा, चौकोनी अर्धा आणा, नागमोडी कडेचा एक आणा. नाणी जमवणारी माणसं पुष्कळ असतात, पण ती चांदीच्या रुपयामागे असतात. काकांना रुपयाचा तिटकारा. कोणी कौतुकाने आजोबांच्या पेटीतला राणीछाप रुपया घेऊन आला तर काका तो बघतात, मान डोलावतात आणि परत देतात. "चांगला हाय. सावकाराचा हाय," एवढंच म्हणतात. त्यांचं म्हणणं असं, की रुपया आयुष्यभर पेटीत झोपून असतो. पै मात्र दिवसभर हिंडते. मिरचीवाली, न्हावी, नावाडी, देवाचा पुजारी, सगळ्यांच्या कनवटीला जाऊन येते. "राजा एकच गो दोघांवर. पन रुपयावरचा राजा कोनाला भेटलाच नाय. पैवरचा राजा बाजार करून आलाय."

ज्यांना या नाण्यांना हात लावायची परवानगी मिळते ती माणसं फार थोडी. त्यांच्यासाठी पुढचा हुकूम तयार असतो : "कडेनं धर!" नाण्याच्या चेहऱ्याला बोट लागता कामा नये, घामाने धातू खराब होतो, म्हणून दोन बोटांत फक्त कड पकडायची. हे ठीकच आहे. पण "कडेनं धर" हे काकांच्या तोंडात इतकं बसलंय की ते कशालाही म्हणतात. झेरॉक्सच्या कागदाला म्हणतात, पापडाला म्हणतात, लग्नपत्रिका देणाऱ्यालाही म्हणतात. आमच्या सोसायटीत एक बारसं होतं. बाळाच्या आईने मोठ्या प्रेमाने बाळ काकांच्या मांडीवर ठेवायला पुढे केलं. काका घाबरले. बाळाला सगळ्या बाजूंनी नीट बघून घेतलं आणि विचारलं, "ह्याला कडेनं कुठून धरायचा?"

काका मूळचे बदलापूर गावातले. खरवईला जिथे आता आमची सोसायटी आहे तिथे त्यांच्या घरची भातशेती होती. आमच्या पार्किंगमध्ये उभं राहून काका सांगतात, "तुझी स्कूटर जिथं हाय ना, तिथं आमचा खाचर होता. चांगला चिखल व्हायचा." बिल्डरने जमीन घेतली तेव्हा घरात पैसा आला. पुतण्यांनी पांढऱ्या भल्यामोठ्या गाड्या घेतल्या, गळ्यात जाड साखळ्या आल्या, एकाने शर्यतीचे बैल घेतले. काकांना वाट्याला तळमजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट आला. एका बेडरूममध्ये काका झोपतात, दुसरीत पै झोपते. दुसरीला पंखा मोठा आहे. पावसाळ्यात दमट हवेने तांब्याला हिरवा डाग पडतो म्हणून.

लग्न झालं नाही. का झालं नाही, ते त्यांच्या मंजुळावहिनी सांगतात, आणि सांगताना दरवेळी पदर तोंडात कोंबावा लागतो. काका ऐन तिशीत होते, अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत कायम झाले होते. मुरबाडच्या बाजूला मुलगी बघायला गेले. पोहे झाले, मुलगी येऊन बसली, नाव-गाव विचारून झालं. पण नवऱ्या मुलाचं लक्ष मुलीकडे नाहीच. तो एकटक बघतोय मुलीच्या आईच्या गळ्याकडे. आधी सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. मग काका हळूहळू पुढे सरकले. मग खिशातून भिंग काढलं. मुलीच्या आईच्या गळ्यात जुन्या चवल्यांची माळ होती, दोन-दोन आण्यांची चांदीची नाणी ओवलेली. भिंगातून बघून काका कळवळून म्हणाले, "अरेरे, राणीच्या कपालात भोक पाडलाव तुमी!"

पुढचं सांगण्यासारखं नाही. मुलीच्या मामाने काकांना अंगणात नेलं. "पोहे पन बशीतच ऱ्हायले," वहिनी म्हणतात. त्यानंतर कोणी मुलगी सांगून आली नाही, आणि आली असती तरी काकांनी आधी तिच्या आईचा फोटो मागितला असता.

मंजुळावहिनी शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतात आणि काकांचा डबा त्यांच्याकडून येतो. एका दिवाळीत त्यांनी दिरावर उपकार करायचं ठरवलं. काका बाजारात गेलेले बघून त्या चावी घेऊन आल्या आणि एका अल्बममधली काळीकुट्ट पडलेली सगळी नाणी ताटात ओतून चिंच-मीठ लावून खसाखसा घासली. काका आले तेव्हा ताट सोन्यासारखं लखलखत होतं आणि वहिनी शाबासकीची वाट बघत होत्या. जुन्या नाण्यावरचा तो काळपटपणा म्हणजेच त्याचं वय असतं, तो गेला की जाणकार त्या नाण्याकडे ढुंकून बघत नाहीत, हे वहिनींना कोण सांगणार? काकांनीही सांगितलं नाही. "बरी झाली," म्हणाले आणि जिन्यात जाऊन बसले. मी ऑफिसातून आले तेव्हा तिथेच होते. "काय झालं काका?" म्हटलं. म्हणाले, "आंगोळ घातली सगल्यांना. वारली."

माझी आणि काकांची दोस्ती जमली ती स्कूटरमुळे. मी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका जीन्सच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. शनिवारी अर्धा दिवस. काकांनाही शनिवारीच कॅम्प चारला जायचं असायचं. सकाळी मी खाली उतरले की काका गेटपाशी हजर. डोक्यावर हेल्मेट, छातीशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात ताडून बघायला घेतलेली नाणी. मागे बसले की डबा आमच्या दोघांच्या मध्ये, आणि मग अंबरनाथ ओलांडेपर्यंत एकच जप : "खड्डा गो... खड्डा... हलू... अगो हलू, आत राजे हायेत." इतक्या हळू चालवावं लागायचं की एकदा एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली, आणि गाडीवानाने जाताना काळजीने विचारलं, "पेट्रोल संपलं काय?"

ते जायचे किशनदादांकडे. किशनदादा सिंधी, भंगारवाले. तांब्या-पितळेची जुनी भांडी किलोवर घेतात. कल्याण-कर्जतकडची घरं रिकामी होतात, जुने हंडे-पिंप येतात, आणि कधीकधी त्यांच्या तळाशी किंवा एखाद्या डबीत जुनी चिल्लर सापडते. ती किशनदादा एका तगारीत टाकून ठेवतात. आठवड्यातून एकदा काका ती तगारी पुढ्यात घेऊन बसतात.

त्यांची घासाघीस बघायला मी कामावरून सुटल्यावर मुद्दाम थांबायचे. किशनदादांना नाण्यातलं काही कळत नाही, पण त्यांना काकांचा चेहरा कळतो. "साईं, मैं सिक्का नहीं देखता, मैं तुम्हारा मुंह देखता. मुंह खुश तो रेट डबल." काकांच्या हे लक्षात आल्यावर त्यांनी चेहरा पाडायची प्रॅक्टिस केली. चांगलं नाणं हाती लागलं की काका असे काही उदास व्हायचे की जणू घरात मयत झालंय. पण किशनदादाही कॅम्पातल्या बाजारात लहानाचे मोठे झालेले. थोड्याच दिवसांत त्यांनी ओळखलं. "आज बहुत दुःखी है साईं. मतलब कुछ अच्छा माल मिला है." शेवटी दोघांनी तह केला : नाणी किलोवर, तांब्याच्या भावाने, आणि वर एक चहा काकांकडून. मग काका मनमोकळे खुश व्हायला लागले.

किशनदादांनीच काकांना त्यांचं सगळ्यात लाडकं नाणं मिळवून दिलं. कॅम्पात घरटी कोणी ना कोणी परदेशात असतं. किशनदादांचा भाचा लंडनला. तो येणार म्हटल्यावर सगळ्या घराने चॉकलेटं आणि सेंट सांगितलं, आणि काकांनी निरोप पाठवला : फार्दिंग. म्हणजे विलायतेची पै, पेनीचा चौथा हिस्सा, कधीचीच चलनातून गेलेली. भाच्याने बिचाऱ्याने ती कुठल्याशा आठवडी बाजारातून शोधून आणली. नखाएवढी, आणि तिच्यावर इवलासा पक्षी, शेपूट वर करून उभा. काकांनी ती मला दाखवली तेव्हा त्यांचा आवाजच बदलला होता. "बघ गो. एवढा मोठा राज्य, अर्ध्या जगावर. आनि सगल्यात बारक्या नान्यावर काय, तर चिमनी." मी म्हटलं, काका, ही चिमणी नाही, दुसरा कुठलातरी पक्षी आहे. "तिकडची चिमनी अशीच असते," काकांनी निकाल दिला.

असं सगळं चाललं होतं. मग एका शनिवारी गेलो तर किशनदादांचं शटर अर्धं खाली. आत अंधार. काका हाक मारून परत फिरले. पुढच्या शनिवारीही तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र, मी दुपारी सुटल्यावर, काका वाकून शटरखालून आत बघायला लागले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वर जाऊन बघू या. हा मानूस धंदा बंद ठेवनारा नाय."

दुकानाच्या डोक्यावरच घर. जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने मागे जायचं. काका इतक्या वर्षांत एकदाही वर गेले नव्हते. दार किशनदादांनीच उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "आओ साईं," म्हणाले आणि बाजूला झाले.

आत खाटेवर त्यांची आई बसली होती. नव्वदी ओलांडलेली, पांढरी ओढणी, मनगटं काडीसारखी. समोर स्टुलावर ताट. डाळ, जाड पोळीसारखी सिंधी कोकी, दही. ताटाला हात लागलेला नव्हता. बाजूला सून भारती उभी होती, तिच्या हातात घास तसाच होता. म्हातारी मान दुसरीकडे वळवून बसली होती, आणि तिच्या मान वळवण्यात असा काही ताठा होता की मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. आपण कोणाच्यातरी अब्रूच्या गोष्टीत शिरलोय असं वाटलं.

किशनदादांनी आम्हाला खिडकीपाशी नेऊन हळू आवाजात सांगितलं. अम्मांची आठवण मागे मागे जात चालली होती. आधी नातवंडं गेली, मग कॅम्पातलं घर, मग नवरा. आता त्या पंधरा वर्षांच्या होत्या आणि फाळणीनंतर नुकत्याच इथे उतरल्या होत्या. त्यांच्या वडिलांचं सिंधमध्ये शिकारपूरला मिठाईचं दुकान होतं. इथे निर्वासितांच्या बराकीत आल्यावर रांगेत उभं राहून फुकटचं जेवण घ्यायची वेळ आली, तेव्हा वडील म्हणाले, आपण भिकारी नाही. जोवर गाठीला पैसे होते तोवर ते दर जेवणाला वाढणाऱ्याच्या पुढे एकेक पैसा ठेवायचे आणि मगच घरच्यांना घास घेऊ द्यायचे. अम्मांच्या मनात आता फक्त तेवढं उरलं होतं. पैसे दिल्याशिवाय जेवायचं नाही.

"तो दे दो ना पैसा," मी म्हटलं.

किशनदादांनी खिशातून दहाचं नाणं काढलं आणि आईच्या हातात ठेवलं. अम्मांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग ते सरळ जमिनीवर टाकलं. "हीउ खोटो आहे," त्या म्हणाल्या. मला सिंधी येत नाही, पण हे समजायला काही लागलं नाही. 'आहे'ला तेही 'आहे'च म्हणतात.

"सब देके देखा. नोट, सिक्का, सब. बोलती है खोटा है," किशनदादा म्हणाले. "पहले थोड़ा खाती थी, तीन दिन से बस पानी. डॉक्टर बोलता है नाक से नली डालो." तगारीतल्या चिल्लरीचा भाव लावणारा तो माणूस लहान मुलासारखा उभा होता.

काका घरंगळत गेलेलं दहाचं नाणं उचलून उभे होते. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"किशन, हिला पैसा पायजे."

"वही तो दे रहा हूं साईं."

"ह्यो पैसा नाय रे. पैसा!"

किशनदादांना समजलं नाही. मला समजलं. पण खालच्या तगारीत काही नव्हतं. जे होतं ते काकांनीच कधीचं उचलून नेलं होतं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "चल गो." खाली येऊन स्कूटर काढली. अंबरनाथ येईपर्यंत मी सवयीने हळूच चालवत होते. मागून आवाज आला, "जरा पलव ना गो गाडी! काय बैलगाडी हाकतेस?"

घरी काकांनी अल्बम काढले. मी आपले हात धुवायला निघाले तर म्हणाले, "ऱ्हाऊदे आता." प्लास्टिकच्या खणांतून एकेक नाणं काढून ते डब्यात टाकत होते. ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, आणे. दिवाळीत आंघोळ न घातलेले, चांगले काळपट, जपलेले. एका खणापाशी जरा थांबले. मग फार्दिंगही काढून घेतली. "बारकी हाय. तिला आवडंल," म्हणाले.

परत वर गेलो तेव्हा दुपार कलायला आली होती. भारतीने ताट झाकून ठेवलं होतं. काका खाटेसमोर जमिनीवर मांडी घालून बसले, डबा उघडला आणि अम्मांच्या ओंजळीत नाणी ओतली. त्या ओंजळीला ती फार झाली. काही मांडीवर पडली.

अम्मांनी नाणी मांडीवर पसरली. एकेक नाणं उचलून अंगठ्याने राजाच्या चेहऱ्यावरून कानापर्यंत चाचपत होत्या. भोकाच्या पैशाच्या भोकात करंगळीचं टोक घालून त्या हसल्या. मग फार्दिंग हाती आली. ती डोळ्यांजवळ नेली, चिमणी बघितली, आणि तोंड वाकडं करून काकांच्या मांडीवर परत फेकली. "खोटो!"

काकांच्या सगळ्या संग्रहातलं ते रत्न. विमानात बसून आलेलं. आणि शिकारपूरच्या बाजाराने ते एका क्षणात नाकारलं होतं. काका हसत सुटले. किशनदादा हसले. भारतीसुद्धा हसली. अम्मा मात्र गंभीर होत्या. त्यांनी एक ढब्बू पैसा निवडला, वाकून ताटाच्या कडेला ठेवला आणि सुनेकडे बघून मान हलवली. घे, म्हणून. भारतीने ताट जवळ सरकवलं. अम्मांनी कोकीचा तुकडा तोडला, डाळीत बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा.

भारती वळून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

डाळीचा ओघळ वाहत वाहत ढब्बू पैशापर्यंत पोचला आणि पंचम जॉर्ज मानेपर्यंत डाळीत बुडाला. मी काकांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. काहीतरी येणार असं वाटलं. पण त्यांनी नजर खिडकीबाहेर नेली.

त्या दिवसापासून ती नाणी किशनदादांच्या घरीच राहिली. भारतीने अम्मांना एक कापडी बटवा शिवून दिला. दर जेवणाला अम्मा बटव्यातून पैसा काढून ताटाशी ठेवायच्या, मगच जेवायच्या. नंतर त्या झोपल्या की तो पैसा परत बटव्यात जायचा. नळीचा विषय निघाला नाही. शटर पूर्ण उघडलं. किशनदादा पहिल्यांदा खाली भेटले तेव्हा फार अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "साईं, तुम्हारा सिक्का... वो डाल-तेल लगता है ना, तो भारती बर्तन के साथ घिस देती है. मैंने बोला उसको, मत घिस."

"घासूदे," काका म्हणाले. "जेवनाचा पैसा हाय. तेलकट कशाला ठेवते?"

मी चाट पडले. बदलापूरला येईपर्यंत मला राहवेना. म्हटलं, काका, एवढी जपलेली नाणी, वाईट नाही वाटत? काकांनी मागून हेल्मेटची काच वर केली. मग म्हणाले, "सुजाता, इतकी वर्सं बंद पडलेली गो ती. मी नुसती कपाटात झोपवली. आता परत चालू झाली. बाजारात चालतात! असा कोनाचा कलेक्शन हाय सांग मना."

पुतण्याला हे कळलं तेव्हा तो मोबाइल घेऊनच आला. "काका, ऑनलाइन रेट बघितलाय का त्या एका पैशाचा? तुम्ही लोकांना असंच वाटताय?" काकांनी त्याला हात धुवायला सांगितलं. तो धुऊन आल्यावर म्हणाले, "त्या एका पैशात डाल, कोकी, दही येतं. तुझ्या मोबाइलमधल्या पैशात काय येतं ते बघ आदी."

काका शनिवारी आता तगारीकडे फारसे बसत नाहीत. खाली किशनदादांना हात करतात आणि सरळ वर जातात. अम्मा सिंधीत बोलतात, काका मराठीत. एकमेकांचं किती कळतं देव जाणे, पण दोघांचं बोलणं 'आहे'वर येऊन मिळतं आणि तेवढ्यावर तासभर सहज निघतो. अम्मांना काका कधी शिकारपूरच्या शेजारचे कोणी वाटतात, कधी बराकीत वाढायला येणारा माणूस, कधी भाऊ. काका कशालाच नाही म्हणत नाहीत.

परवाच्या शनिवारी मी लवकर सुटले आणि त्यांना घ्यायला वर गेले. अम्मा जेवून बसल्या होत्या, बटवा मांडीवर. काकांकडे निरखून बघत होत्या. मग त्यांनी काहीतरी विचारलं. किशनदादा दारात उभे होते, त्यांनी सांगितलं, "पूछती है, तुम्हारे घर में रोटी कौन पकाता है."

काका म्हणाले, "कोन नाय अम्मा. डबा येतो."

'डबा' त्यांना समजला नसावा. 'कोन नाय' समजलं. त्या काकांकडे बघत राहिल्या. मग बटव्याची दोरी सोडली, आत चाचपून चाचपून एक आणा शोधून काढला, पैसा नाही, आणा, आणि काकांचा हात ओढून तळहातावर दाबला. वर त्यांची बोटं मिटवली. "पुट, कुझु खाई वठु."

"बोलती है, बेटा, कुछ खा लेना," किशनदादा म्हणाले.

काका उठले. जिना उतरले. खाली रस्त्यावर डाळ-पकवानची गाडी असते, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. गेली कित्येक वर्षं आम्ही त्या गाडीवरून जातोय, काका तिथे कधी थांबलेले मला आठवत नाहीत. त्यांनी एक प्लेट घेतली, खिशातली साधी नोट दिली आणि तिथेच उभ्या उभ्या, अगदी मन लावून, शाळेत सांगितलेलं काम करावं तसं खायला लागले. एक हात मुठीत मिटलेला, दुसऱ्याने खात होते. कुरकुरीत पकवानचा भुगा शर्टवर सांडत होता. त्यांनी डाळीचा शेवटचा थेंबही पुसून घेतला. मी स्कूटर चालू केली.

"थांब गो," काका म्हणाले. "वर जाऊन सांगून येतो."

"काय सांगायचंय?"

"खाल्ला म्हनून. ती वाट बघत असंल ना."

आणि सत्तरीला आलेला तो माणूस त्या अरुंद जिन्याच्या पायऱ्या परत चढून गेला. मी स्कूटर बंद केली. वरची खिडकी उघडी होती. काकांचा आवाज ऐकू आला, "अम्मा, खाल्ला गो! पोट भरून खाल्ला!" मग अम्मांनी काहीतरी विचारलं. काय खाल्लंस, असंच विचारलं असणार. कारण काका सांगायला लागले, डाळ कशी होती, वर कांदा किती घातला होता, चटणी तिखट होती, आणि अम्मा मधूनमधून विचारत होत्या, आणि काका परत पहिल्यापासून सांगत होते.